तिसऱ्या प्लगचं पाणी

मिस्त्री : ताई, फोन इंजिनाजवळ धरा. आणि दाजींना सांगा, अ‍ॅक्सिलरेटर जरासा दाबा म्हणावं. जरासाच.

बाई : दाबा हो. ऐकू येतंय का, मिस्त्री?

मिस्त्री : येतंय. अजून एकदा. बास. असं आहे बघा ताई, चौघं गायला बसलेत आणि त्यातला एक नुसतं तोंड हलवतोय. तिघांच्या जिवावर तुमची गाडी चाललीय.

बाई : गाण्याचं नंतर सांगा. वर सुतारांच्या घरी सून अडलीय. बाळ पायाळू आहे, पाय दिसायला लागलेत. इथून अकरा किलोमीटर, आणि सगळा चढ.

मिस्त्री : अँब्युलन्स?

बाई : डोंगरापलीकडं गेलीय. दोन तास लागतील म्हणाले.

नवरा : मी काय म्हणतो, गाडी इथूनच वळवू. उतारच आहे, आपोआप जाईल खाली.

बाई : खाली कोण अडलंय?

नवरा : तसं नाही गं.

बाई : मग कसं? मिस्त्री, तुम्ही विचारा काय विचारायचं ते.

मिस्त्री : कुठपासून सुरू झालं?

बाई : पुलापर्यंत ठीक होती. म्हणजे थोडी अडखळत होती, पण मला वाटलं, दोन दिवस उभी आहे, आळसावली असेल. चढ लागला आणि धक्के द्यायला लागली. दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा ओढेना. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून कंटाळला.

मिस्त्री : मागं धुराला वास कसला?

नवरा : कच्च्या पेट्रोलचा. डोळे चुरचुरतायत.

मिस्त्री : चांगलं झालं. म्हणजे पेट्रोल पोचतंय, नुसतं जळत नाही. पंप नको, फिल्टर नको, ठिणगीचंच दुखणं आहे. या दोन दिवसांत गाडीला कुणी हात लावला होता?

बाई : कोण लावणार? परवा बाळंतपणावरनं आले ती दारात लावली. तशीच होती.

मिस्त्री : दाजी, तुम्ही?

नवरा : मला काय कळतंय त्यातलं.

बाई : बावीस वर्षं झाली लग्नाला, बॉनेट कुठनं उघडतं ते त्यांनी विचारलेलं नाही. पुढं बोला.

मिस्त्री : इंजिनाच्या डोक्यावर चार जाड काळ्या वायरी आहेत, ओळीनं. प्रत्येकीचं टोक एकेका खोल भोकात, तळाच्या प्लगवर गेलंय. दिसल्या?

बाई : दिसल्या.

मिस्त्री : गाडी बंद करा. बंद झाल्याशिवाय हात लावायचा नाही, सणसणीत झटका बसतो. आता पहिलीची टोपी धरून सरळ वर ओढा. वायर धरून ओढू नका, तुटेल. निघाली की बाजूला व्हा आणि दाजींना चालू करायला सांगा. मोजून पाच सेकंद.

बाई : निघाली. करा चालू.

मिस्त्री : काय झालं?

बाई : जास्तच थडथडायला लागली. बंदच पडत होती.

मिस्त्री : मग पहिला बिचारा राबतोय. त्याची वायर परत लावा, दुसरी काढा. हेच करत जायचं. ज्याला काढून काही फरक पडत नाही, तो आपला चोर.

बाई : दुसरी काढली. चालू करा. तसंच, थडथडतेय. बंद करा. अहो, बंद करा म्हटलं ना.

नवरा : केली, केली.

बाई : लक्ष कुठंय तुमचं? आता तिसरी. करा. मिस्त्री, काहीच फरक नाही. होती तशीच चाललीय.

मिस्त्री : सापडला. बंद करा आणि टोपीचं टोक बघा. काळं पडलंय? चिरलंय?

बाई : ओलं आहे.

मिस्त्री : तेलकट?

बाई : नाही, पाणी आहे. भोकातही साचलंय. पेराएवढं असेल.

मिस्त्री : पाणी? पाऊस तर नाही.

बाई : चार महिने टिपूस नाही.

मिस्त्री : रेडिएटरमध्ये रंगीत पाणी आहे का? हिरवं, गुलाबी?

बाई : साधंच घालते. नळी गळतेय तोवर साधंच घाला, हे तुम्हीच सांगितलं होतं.

मिस्त्री : तिथंच पंचाईत झाली, रंगीत असतं तर लगेच कळलं असतं. आता नीट ऐका. हे पाणी बाहेरनं पडलेलं असेल तर काही नाही, पुसायचं आणि निघायचं. पण कुणी वरनं ओतलेलं नसेल तर ते आतनं येतंय, म्हणजे इंजिनाला तडा गेलाय. तसं असेल तर गाडी इथून हलवू नका. भर चढावर जाम होईल, आणि नेमकी वळणावर झाली तर मागं दरी आहे.

नवरा : म्हणजे परतच फिरायचं.

बाई : माझी बॅग द्या.

नवरा : कशाला?

बाई : चालत जाते.

नवरा : अकरा किलोमीटर? हा असला चढ, या उन्हात?

बाई : अडीच तासांत पोचेन. द्या ना बॅग.

मिस्त्री : ताई, मी निघालो असतो, पण मला तिथं यायलाच दीड तास लागेल. माझी दोन्ही लेकरं तुमच्या हातची, मला काय कळत नाही का? पण तडा असेल तर मी तुम्हाला जा म्हणणार नाही.

बाई : दुसरा फोन येतोय. सुतारांचाच आहे. अहो, मी काय सांगू त्या पोरीला? अडीच तास पाय आवळून धर म्हणून सांगू?

नवरा : बाहेरचंय.

बाई : काय?

नवरा : ते पाणी. बाहेरचंय. काल तू झोपली होतीस तेव्हा मी इंजिन धुतलं. नळाची नळी लावून.

मिस्त्री : दाजी, वेळ मारून न्यायला बोलत असाल तर आत्ताच सांगा. ताईंच्या जिवाशी गाठ आहे.

नवरा : खरंच धुतलं. भांड्याचा साबण लावून. अगं, त्या टोपीचा वास घे ना.

बाई : येतोय. लिंबाचा. तरीच आज बॉनेट एका झटक्यात उघडलंत. कशाला धुतलंत?

नवरा : फोटो काढायचे होते.

बाई : इंजिनाचे?

नवरा : गाडी विकत घेणारा मागत होता. तो उद्या बघायला येणार आहे.

मिस्त्री : ताई, मी जरा फोन बाजूला ठेवतो.

बाई : अजिबात ठेवायचा नाही. हे पाणी बाहेर कसं काढू, ते सांगा.

मिस्त्री : इथं गॅरेजात हवेच्या दाबानं उडवलं असतं. तिथं काय आहे तुमच्याजवळ? फडकं काही तळापर्यंत जाणार नाही.

बाई : रबरी फुगा आहे. जन्मलेल्या बाळाच्या नाकातोंडातलं पाणी ओढायचा. पुढं बारीक नळीही लावता येते.

मिस्त्री : देवच भेटला. त्यानंच ओढा.

नवरा : आणि मग बाळाला?

बाई : दोन आहेत. एक बाळाचा, एक तुमचा. इकडं या, तुमच्या फोनचा उजेड धरा.

नवरा : धरलाय.

बाई : सरळ धरा, सावली पडतेय.

नवरा : गेल्या महिन्यात तुझी गाडी शेतात उतरली होती, आठवतं? तू सांगितलंस, कुत्रं आडवं आलं.

बाई : आलं होतं.

नवरा : कुत्रंबित्रं काही नव्हतं. मी आलो तेव्हा तू स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपली होतीस. काचेवर थापा मारल्या, तरी उठेनास. मला वाटलं, संपलं सगळं. म्हटलं, गाडीच नसली तर बोलावणी येणार नाहीत.

बाई : गाडी नव्हती तेव्हा काय येत नव्हती? चालत जायचे आणि चालत यायचे. तेव्हा कुणी शेतात शोधायला येत नव्हतं, एवढंच. बॅगेतल्या चिमट्याला कापूस गुंडाळून द्या. घट्ट.

नवरा : हा घे. चुकलं माझं.

बाई : आत्ता नको. मिस्त्री, कापूस कोरडा येतोय.

मिस्त्री : टोपी आतनंसुद्धा पुसा. बाकीच्या तीन भोकांतही बघा.

बाई : चौथ्यात थोडं आहे. काढलं. पहिलं, दुसरं कोरडं.

मिस्त्री : आता टोप्या दाबून बसवा. आत खट्‌ वाजलं पाहिजे.

बाई : वाजलं. चौथीही बसली. अहो, करा चालू.

मिस्त्री : दाबा. अजून दाबा. ताई, फोन जवळ आणा. हां. आता चौघंही जागेवर आहेत. निघा. पहिले दोन किलोमीटर दुसऱ्या गिअरमध्येच राहू द्या. आणि तासभर तरी बंद करू नका, ऊब धरली की राहिलेली ओल निघून जाईल. पोचलात की एवढं कळवा. तोवर मी हातात पाना धरणार नाही.

बाई : बॉनेट लावा, अहो. आणि बाजूला बसा, मी चालवते. आधी सुतारांना फोन करा. पंचवीस मिनिटं म्हणावं. तिला जोर करू देऊ नका, कुशीवर झोपवा, आणि बाळाचे पाय कुणीही ओढायचे नाहीत. हे दोनदा सांगा.

(सुतारांचं अंगण. बॉनेटमधून गरम हवा येते आहे, इंजिन सुरू आहे.)

बाई : तुम्ही इथंच बसा, स्टिअरिंगवर. बंद करू नका. बाळाची कंबर बाहेर आली आणि डोकं अडकलं तर मी घरातच सोडवीन. पण त्याआधीच काही अडलं तर तिला याच गाडीतनं खाली न्यायचंय.

नवरा : मी चालवायची? या वळणांवरनं?

बाई : मग काय तिला चालवायला सांगू? सोडा बॅग.

नवरा : अगं, आणि तो उद्याचा माणूस?

बाई : तुमचा माणूस आहे, तुम्ही बघा. मला आत बोलावतायत.

नवरा : हॅलो. हो, मीच, फोटो पाठवले होते तो. उद्या येऊ नका तुम्ही. नाही हो, किमतीचं काही नाही. आवाज? इंजिनाचाच आहे. मी गाडीतच बसलोय. नाही, बिघडलेली नाही, गाडी कामावर आहे.