डाव्या हाताचं खोबरेल

…आणि तुमच्या कॉलेजच्या फॉर्मवर पुढचा रकाना काय, तर एच-इंडेक्स! अहो, मला इथे चार शब्द बोलायला बोलावलंत की वधूपरीक्षेला? शोधनिबंध किती, इतरांनी त्याचा उल्लेख किती वेळा केला… तुम्हाला सांगतो पोरांनो, चाळीस वर्षं रत्नागिरीत दवाखाना चालवला, पण हे कुणी विचारलं नव्हतं. लिहून टाकलं. शोधनिबंध : अंकी एक, अक्षरी एक!

हसा, हसा. तुमची ती शमिकासुद्धा हा फॉर्म बघून हसली होती. ती बघा, तिसऱ्या बाकावर, आता खाली बघत्येय! "सर, हल्ली दहा तरी लागतात." दहा! अगं, तेव्हा एकासाठी टाइपरायटरवर बोटं मोडायची, रजिस्टर पोस्ट करायचं आणि मग नऊ महिने पोस्टमन दिसला की छातीत धडधड…

अठ्ठ्याऐंशी साल. मिरजोळ्याला काजूचा कारखाना, चाळीस बायका काजू फोडायला. टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी जळते, काळी पडते. मी नवा डॉक्टर, डोक्यात संशोधनाचं वारं! काय केलं? प्रत्येकीनं कामाआधी डाव्या हाताला खोबरेल लावायचं, उजवा कोरा ठेवायचा. सहा महिने. दर गुरुवारी मी लुनावरून हजर. चाळीस जणी हात पुढे करून ओळीनं बसायच्या, मी जखमा मोजायचो, आणि त्या एकमेकींकडे बघून असल्या हसायच्या! मला वाटायचं, माझी मिशी… निघताना त्यांची पुढारीण काशी ओंजळभर काजूकणी द्यायची, "खावा डाक्टर, लय लिवलात." तो भाजक्या काजूचा वास अजून कुठे आला ना, की मी तिथेच उभा राहतो. काय दिवस होते हो!

निष्कर्ष? डाव्या-उजव्या हातात काडीचाही फरक नाही. खोबरेल निरुपयोगी! छापून आलं. मी पस्तीस वर्षं येईल त्या पेशंटला सांगत आलो, तेल लावू नका, अभ्यास आहे माझा! किती अभ्यास? अंकी एक, अक्षरी एक.

आणि गेल्या महिन्यात ही शमिका धावत आली. ही त्याच काशीची नात बरं का. "सर, तुमच्या पेपरचा उल्लेख झालाय! केरळात! 'खोबरेलाचा उपयोग नाही' म्हणून तुमचं नाव दिलंय!" अहो, मला रडू आलं. खोटं कशाला सांगू? पेढे घेतले आणि थेट काशीच्या घरी.

काशी आता सत्तरीची. पेढा तोंडात टाकला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डाक्टर, एक इचारू? डाव्या हाताला तेल लावायचं, ते लावायचं कुठल्या हातानं? पायानं?"

…

हात चोळून बघताय ना? मीही बघितले! अहो, दोन्ही हात चोळल्याशिवाय तेल लागतं का? चाळीस जणींचे दोन्ही हात सहा महिने तेलात! पण आमच्या डोक्याला तेल लावलं आधी आईनं, मग बायकोनं. आम्हाला काय ठाऊक, तेल कसं लावतात ते? "अगं, मग तेव्हा का नाही बोललीस?" तर म्हणते, "तुमी एवडा जीव लावून लिवत व्हतात. आमचं हात कोणी हातात घेऊन बगितलंवतं का कदी? म्हटलं, बोललो तर तुमी यायचे नाय गुरुवारचे."

पेढ्यांचा पुडा तिथेच ठेवून घरी आलो.

रात्रभर विचार केला. आयुष्यात कमाई एकच, तीही चुकीची. गप्प बसलो असतो तर कुणाला कळणार होतं? पण केरळातल्या काजू फोडणाऱ्या बायका, त्यांचे हात… माझ्या नावावर त्यांचं तेल बंद झालं तर? सकाळी बसलो आणि त्या मासिकाला पत्र टाइप केलं : सदर अभ्यासात तेल दोन्ही हातांना लागले होते, सबब निष्कर्ष ग्राह्य धरू नये. खाली सही घेतली काशीची. शोध तिचा, मी कोण?

परवा छापूनही आलं, हल्ली नऊ महिने लागत नाहीत. शमिका सांगते, पत्रात माझ्या पेपरचा उल्लेख असल्यामुळे माझे उल्लेख दुप्पट झाले. दोन! एकानं विश्वास ठेवला म्हणून, दुसरीनं पितळ उघडं पाडलं म्हणून.

आणि काशीच्या नावावर? अंकी एक, अक्षरी एक. म्हणजे आम्ही बरोबरीत आलो म्हणायचं… फक्त तिचा बरोबर आहे!