गडाचं जुनं नाव

आमच्या ओळखीचे इतिहासाचे एक सर आहेत, लई हट्टी माणूस. त्यांचं म्हणणं, दौलताबादच्या किल्ल्याचं जुनं नाव पायथ्याची माणसं पार विसरलीत. हे पुस्तकात छापायच्या आधी खात्री करायला मला घेऊन गेले.

गडाखाली एक धनगर म्हातारी सुनेसोबत बसली होती.

"मावशी, ह्या गडाचं नाव काय?"

"दौलताबाद."

"आणि त्याच्या आधीचं?"

म्हातारीनं पदर पुढं ओढला. "म्हायती हाय, पर म्या नाय सांगनार."

सरांनी सुनेकडं पाहिलं. ती तर हसत तोंडच फिरवून बसली.

"बघा, विसरलेत. कबूल करायची लाज वाटते," सर माझ्या कानात म्हणाले आणि वहीत तसं लिहूनही टाकलं.

तेवढ्यात म्हातारीचा नवरा मेंढरं घेऊन आला. सरांनी वहीसाठी त्याचं नाव विचारलं.

"देवगिरी," म्हातारा म्हणाला. "गडाखाली जन्मलो, म्हनून बापानं गडाचंच नाव ठिवलं."

सरांचा पेन तसाच थांबला.

पदराआडून म्हातारी म्हणाली, "व्हय, त्येच. आता लिवा."