लॉन्ड्रीतल्या पॅनेलपुढचा पंखा

मी, लॉन्ड्रीत ज्याला सगळे टेस्टर म्हणतात तो, वय ५४, धंदा इलेक्ट्रिशियन, राहणार लॉन्ड्रीच्या मागच्या गल्लीत, पोलीस ठाण्यात समक्ष येऊन विचारल्यावरून सांगतो, ते असे:

सदर लॉन्ड्रीत मी बरीच वर्षे कामाला आहे. तेथील मॅनेजर माझा सख्खा मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ आहे. इस्त्रीखात्यात एक वयस्कर बाई आहे, तिला आम्ही मावशी म्हणतो. काल दुपारी इस्त्रीखात्यातील थ्री-फेज पॅनेलला आग लागली. मावशीने पॅनेलपुढचा पंखा दुसरीकडे फिरवल्यामुळे ती लागली, अशी तक्रार मेहुण्याने दिली आहे. त्याबद्दल मला सांगायचे आहे.

पॅनेल महिनाभर तापत होते. दाराला हात लावला की चटका बसे. मी तिन्ही फेजचा करंट मोजला. तो सारखा आणि मापात होता, म्हणजे लोड जास्त नव्हता. फक्त पिवळ्या फेजच्या टोकाशी वायर काळी पडली होती आणि जळका वास येत होता. तेथील बोल्ट ढिला होता. मेन बंद करायचा, जळलेले टोक कापून नवे बसवायचे आणि बोल्ट आवळायचा, एवढेच काम होते.

मी मेहुण्याला सांगितले. तो म्हणाला, "भाऊजी, मशीन बंद ठेवून कसं चालेल? रविवारी बघू." रविवारीही काम चालू असते, हे त्यालाही माहीत आहे. मग त्याने पॅनेलचे दार उघडून पुढे स्टँडचा पंखा लावला आणि त्याला कोणी हात लावायचा नाही, अशी ताकीद दिली. पंख्याने बोल्ट आवळला जात नाही, हे मी सांगून सांगून थकलो. त्याने या कानाने ऐकले आणि त्या कानाने सोडून दिले. लोक मला विचारू लागले, "टेस्टर, पेशंटचा ताप उतरला का?"

काल मावशी इस्त्री करता करता टेबलाला धरून खाली बसली. घामाने चिंब झाली होती. मी पंखा उचलून तिच्याकडे फिरवला. ती म्हणाली, "अरे, साहेब ओरडतील. ठेव तो होता तिथे." मी म्हणालो, "ओरडू दे." थोड्या वेळाने पॅनेलमधून जाळ निघाला. मी मेन बंद केला. पॅनेल आणि शेजारचा चादरींचा गठ्ठा जळाला. कोणाला इजा झाली नाही.

मावशीने पंख्याला हातही लावलेला नाही. मी तिच्यासाठी तो फिरवला, म्हणून ती माझे नाव घेत नाही. पंखा तसाच असता तरी आग आज ना उद्या लागलीच असती. मावशीला कामावरून काढले आहे आणि तिच्या घरात दुसरे कोणी कमावते नाही. मला त्याची फार लाज वाटते. मेहुण्यावर माझा राग नाही, पण आता त्याचा कंटाळा आला आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात "पंखा कोणीतरी फिरवला" असे होते, ते "मी फिरवला" असे करून घेतले. माझी बायको बाहेर बाकावर बसली आहे. भावाचे नाव यात येऊ देऊ नका, असे ती सकाळपासून सांगते आहे. तिलाही हा जबाब वाचून दाखवावा, घरी जाऊन पुन्हा सांगायचे त्राण माझ्यात नाही. मी सांगितले तसेच लिहिले आहे, बरोबर आहे.