आखाड्यातला हातपंप

वाशीच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होतो. शेजारी एक म्हातारी आणि पुण्याहून आलेला आडदांड तरुण.

"मावशी, तुमच्या गावचा आखाडा पुन्हा सुरू करायचाय. वडील तिथलेच, तिथंच गदा जिंकलेली. तात्याराव पैलवान. आखाडा बंद का पडला, ते मात्र सांगत नाहीत."

"पाण्यानं पडला, लेकरा."

"पूर आला होता?"

"कुठला पूर? बहात्तरचा दुष्काळ. जर्मन सायब बोरिंगची मशीन घिऊन आला. गावभर खडक निघाला, पाणी लागलं ते आखाड्याच्या कडंला. 'वासर, वासर' म्हणत नाचला. त्यांच्यात पाण्याला वासर म्हणत्यात."

"मग?"

"हातपंप बसला. पहिली घागर घिऊन म्या गेले, तर बौद्धवाड्यातली म्हणून आडवलं. सायब म्हणला, 'आले'. त्यांच्यात 'आले' म्हंजी समदे, समद्यांनी पाणी घ्यायचं. मग म्या घागर भरली."

"बरोबरच की. मग कुस्त्या का थांबल्या?"

"पंपाकडं जाताना माझा पाय आखाड्यात पडला. माती बाटली म्हणले."

"कोण म्हणालं?"

"तात्याराव."

"...आणि पाणी?"

"पाणी कसं बाटंल? माझ्यामागं दुसरी घागर त्यांचीच व्हती."