बिनआवाजाचं मशीन

घ्या ना बॅटरीचं मशीन, कोन नाही म्हनते? पन आमच्या मोठ्या भाऊचं ऐकून घ्या.

शेंदूरजनाले घराले लागूनच आमचा संत्र्याचा बगीचा. भाऊ पेट्रोलच्या मशीननं गवत कापे. अख्ख्या शिवारात बोंबले ते मशीन! वहिनी करवादे, "कान फुटले माये!" पन आवाज थांबला का लगेच चहा मांडे. चहा होयेपर्यंत भाऊ नाही आला, तर पाहाले जाये.

मंग दुकानदारानं बॅटरीचं मशीन गळ्यात मारलं. "धूर नाही, आवाज तर बिलकूल नाही."

वहिनी खुश!

चौथ्या दिवशी छातीत कळ येऊन भाऊ गवतात पडला. कोनालेच पत्ता नाही. दुपारी जेवाले आला नाही म्हनून वहिनी पाहाले गेली. दवाखान्यात डॉक्टर म्हने, "तासभर आधी कावून नाही आनलं?"

"आवाजच नव्हता, डॉक्टरसाहेब. थांबला हे मले कसं समजन?"

भाऊच्या तेरवीले दुकानदार आला. जेवला, हात धुतले, अन् जाताजाता हळूच विचारते, "मशीन तर बरोबर होतं ना?"

वहिनी म्हने, "एकदम बरोबर. त्याईले उचललं, तवा बॅटरी अर्धी बाकी होती."