स्वच्छ ताट

नाही हो डॉक्टर, वेगळं काही म्हणजे काहीच दिलं नाही — शपथेवर सांगते — तुम्ही मागे सांगितलंत तेच, मऊ भात आणि उकडलेलं चिकन, मिठाचा कण नाही, दूध तर नुसतं दाखवलंही नाही. तरी कालपासून पाण्यासारखं चाललंय, आठ वेळा अंथरूण बदललं मी त्याचं, आठ! — आणि सकाळपासून उलट्या. दोन महिन्यांचं पिल्लू, अंगात आहेच काय त्याच्या? बघा ना, मानसुद्धा धरत नाहीये. हा डबा — तुम्हीच फोनवर म्हणालात ना, उलटीत पडलेलं घेऊन या — वास येईल, सॉरी — पण वाचवा हो ह्याला. हात जोडते.

कुत्र्यासाठी एवढं काय, असं वाटत असेल तुम्हाला. वाटू दे. ह्या साहेबांमुळे माझं घर चाललंय — साहेब हे नाव आमच्या बाबांनी ठेवलं, म्हणजे सासऱ्यांनी. सासूबाई गेल्या आणि बाबांनी अन्नच टाकलं. दोन घास खाल्ले की ताट बाजूला. मी काय करायचं बाकी ठेवलं? गोड बोलून झालं, रागावून झालं, लहान मुलासारखं भरवून झालं — तोंड मिटलेलं ते मिटलेलंच. मग ह्यांनी हे पिल्लू आणलं, आणि तिसऱ्या दिवशी ताट स्वच्छ! "मला खोलीतच वाढ, साहेब आहेत सोबतीला," म्हणाले. मी ताट ठेवते, दार ओढून घेते, अर्ध्या तासाने रिकामं ताट उचलते. एक शीत उरत नाही. पंधरा दिवस झाले. नणंदेला रोज ताटाचा फोटो पाठवते — ती म्हणते, वहिनी, तू होतीस म्हणून बाबा सावरले.

समोर का नाही बसत मी? — तुम्ही नाही विचारलंत, माझं मलाच आलं तोंडात. बसवत नाही हो. घासागणिक आईंचं नाव. त्या वाटाणे असे शिजवायच्या, त्या मीठ असं घालायच्या — कान किटले माझे. दार ओढलं की बरं वाटायचं. आता बोललेच आहे तर असू दे.

काय सापडलं? वाटाणा? छे, ह्याला मी वाटाणे कशाला — वाटाणे आज बाबांच्या — थांबा. आणि ते पांढरं? गोळी? इकडे करा जरा. अर्धी आहे. ही कड सरळ आहे, सुरीने कापलेली. रोज मीच कापते — हो, बाबांच्या हृदयाचीच — जेवणाबरोबर घ्यायची म्हणून ताटातच ठेवते, भाताच्या कडेला.

म्हणजे ते ताट... पंधरा दिवस? परवा म्हणाले, सदरा सैल झालाय. मी म्हटलं, धुऊन धुऊन कापड सैल पडलं असेल. असं म्हटलं मी, डॉक्टर. हसून म्हटलं.

तो फोन द्या हो पिशवीतला — घरी लावते. वाजतोय. घरी एकटेच आहेत ते, दार मीच ओढून आलेय. उचला ना बाबा. नुसता वाजतोय. बाबा, उचला! — ह्याला ठेवा तुमच्याजवळ, सलाईन लावा, काय लागेल ते करा, पण मला जाऊ द्या — सरका हो, सरका!