फुलांची टोपडी

तिखट मिरचीच्या वाणांची माहिती गोळा करीत असताना, गेल्या हिवाळ्यातील एका दुपारी, एका शेतकऱ्याने हे मला त्याच्या अंगणात सांगितले. त्याचे शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.

—हात डोळ्यांना लावू नका म्हटलं ना! नुसती धरलीत तरी नाही लावायचा. आमच्या वडिलांनी ही कापून एकदा तोंड पुसलं — दिवसभर आंधळ्यासारखे फिरले, आणि वर भेटेल त्याला, "बघा, काय वाण आहे!" अभिमानच तसा. बी कधी घराबाहेर जाऊ दिलं नाही. वाटण्या झाल्या — निम्मी जमीन ताईला, बी मला. सख्खी बहीण हो, ते काय, कुंपणापलीकडे घर. मूठभर बी मागायला आली. म्हटलं, बी घराबाहेर जात नाही. "मी बाहेरची का रे?" म्हणाली. मी बियांचा डबा उचलून आत ठेवला. खा ना! शेंड्याकडून खा. दूध आणून ठेवलंय, घाबरता काय?

ताई इथे होती तेव्हा बियाण्याच्या झाडांवर फुलांना टोपडी घालायची. खरंच! मलमलीची, एवढीएवढीशी, हाताने शिवलेली. मी म्हणायचो, सर्दी होते का गं यांना? तर म्हणे, माश्या दुसऱ्या मिरचीचा पराग आणतात, बी बाटतं. म्हटलं, मधमाश्या त्या, चांगल्याच की! ती गेली, टोपडी बंद. कोण बसतंय शिवत? आता तीन-चार वर्षं ती कुंपणाला लागून ढोबळी लावते — ओळच्या ओळ, फुगीर, चव ना ढव — झोंबली? नाही? थांबा, ही उशिरा लागते. आधी काही नाही, मग एकदम कानांतून धूर. दूध धरा हातात. झोंबली? …लहानपणापासून तिखट खाता का तुम्ही? द्या इकडे ती उरलेली.

…

गोड आहे. चांगली आहे हो. भाजी होईल. — तुम्ही मघापासून खाली बघताय. माहीत होतं तुम्हाला? बोलायचं तरी! बरं, पलीकडे जाणारच असाल, तर विचारा — टोपड्यांतलं जुनं बी ठेवलंय का थोडं. माझं नाव घेऊ नका. म्हणजे — नाही, नकोच. उठा आता. ते दूध पिऊन टाका, उगाच वाया जाईल.

पलीकडच्या बाईंना मी विचारले. "कोण विचारतंय, ते आधी सांगा," असे त्या म्हणाल्या. ते सांगण्याची मला परवानगी नव्हती. त्यामुळे जुने बी त्यांच्याकडे आहे किंवा नाही, याची खात्री मला करून घेता आली नाही.